युद्धात कॅमेऱ्याला काय दिसतं आणि काय दिसत नाही

नाशिकच्या एका तरुण फोटोग्राफरने विचारलं आहे. वय सव्वीस, लग्नाची कामं करतात, एका स्थानिक दैनिकालाही फोटो देतात. त्यांना युद्धाचे फोटो काढायचे आहेत. प्रश्न चार आहेत. कॅमेरा आणि लेन्स कोणत्या घ्याव्यात? समोर माणूस जखमी पडला असताना फोटो काढायचा की मदत करायची? परत आल्यावर झोप लागते का? आणि पदरचे पैसे घालून सरळ युक्रेनसारख्या ठिकाणी जावं का?

चारही प्रश्नांची उत्तरं देतो. पण त्यांच्याआधीचा एक प्रश्न तुम्ही विचारलेलाच नाही आणि माझ्या मते खरी अडचण तिथे आहे. युद्ध चालू असताना कॅमेऱ्याला नेमकं दिसतं काय? तुम्ही धरून चालला आहात की तिथवर पोचलं की लढाई समोर असेल, मग राहिलं फक्त धाडस आणि सामान. मी १९९९ मध्ये एका वृत्तपत्राकडून कारगिलला होतो. तिथे पोचल्यावर थोड्याच दिवसांत लक्षात आलं की लढाई ऐकू येते, तिचा धूर दिसतो, तिच्यातून परतलेली माणसं दिसतात, पण लढाई दिसत नाही. त्यानंतर मी जे काही शिकलो ते सगळं या एका गोष्टीतून शिकलो.

आधीच सांगून ठेवतो, माझा अनुभव फिल्मच्या काळातला, डोंगरातल्या युद्धाचा आणि आपल्याच सैन्याच्या बाजूने पाहिलेला आहे. शहरातलं युद्ध असेल, देश परका असेल, भाषा येत नसेल तर बऱ्याच गोष्टी बदलतात. जिथे बदलतात तिथे तसं म्हणेन.

कारगिलचं युद्ध कळायला आधी रस्ता कळावा लागतो. श्रीनगरहून सोनमर्ग, मग साडेतीन हजार मीटर उंचीचा झोजिला घाट, पलीकडे द्रास आणि द्रासपासून साठेक किलोमीटरवर कारगिल. पुढे लेहला जाणारा हाच रस्ता. मे महिन्यात घुसखोरी उघडकीला आली तेव्हा पाकिस्तानी सैनिक या रस्त्याच्या डोक्यावरच्या शिखरांवर बसलेले होते. खालून जाणारा ट्रक त्यांना दिसायचा आणि त्यांनी कळवलं की पलीकडून तोफा सुरू व्हायच्या. द्रास ३,२८० मीटरवर आहे, त्याच्या वरचं टायगर हिल हे शिखर ५,०६२ मीटर. म्हणजे आपल्या जवानांना जवळपास पावणेदोन किलोमीटरचा चढ चढून, वरून होणाऱ्या गोळीबारात शिरून हल्ला करायचा होता. उघड्या कातळावर दिवसाढवळ्या चढणं म्हणजे मरण. म्हणून हल्ले बहुतेक रात्रीच व्हायचे. तोलोलिंग हे शिखर १३ जूनला परत मिळालं, टायगर हिल ४ जुलैला. दोन्ही वेळा आम्ही पत्रकार खाली रस्त्यावर होतो. हल्ल्याच्या तुकडीबरोबर वर जाणं आम्हाला शक्यच नव्हतं.

रात्री दिसायचं ते एवढंच: काळ्याकभिन्न डोंगरावर क्षणभर पेटून विझणारे ठिपके, मधूनच एखादा प्रकाशगोळा सावकाश खाली येताना, आणि या सगळ्याचा उशिराने पोचणारा आवाज. ४०० एएसएच्या, म्हणजे कमी उजेडासाठीच्या नेहमीच्या फिल्मवरही त्याचा फोटो म्हणजे काळा कागद आणि दोन ओरखडे.

मग आम्ही सगळ्यांनी काय काढलं? बोफोर्स. १५५ मिलिमीटरची ती तोफ रस्त्याच्या जवळ, मोकळ्या जागेत, दिवसाउजेडी उभी असायची. गोळा सुटण्याआधी हुकूम ऐकू यायचा, त्यामुळे शटरवर बोट ठेवून तयार राहता यायचं. नळीच्या तोंडाशी ज्वाळा, मागे धूळ, कानांवर हात घेतलेले जवान, पाठीमागे बर्फाचे डोंगर. असा फोटो बिघडवणंच अवघड. अधिकृत आकड्यांनुसार त्या युद्धात आपल्या बाजूने अडीच लाख गोळे, बॉम्ब आणि रॉकेटं डागली गेली. सुमारे ३०० तोफा, उखळी तोफा आणि रॉकेट लाँचर मिळून दिवसाला पाच हजारांच्या आसपास, आणि टायगर हिल घेतला त्या दिवशी नऊ हजार.

आज पंचवीस वर्षांनंतरही कारगिल म्हटलं की लोकांच्या डोळ्यांसमोर बोफोर्स येते. तोफखान्याचं काम खरोखरच निर्णायक होतं, त्यामुळे ते चित्र खोटं नाही. पण ते इतकं ठसण्याचं दुसरंही कारण आहे. तोफ रस्त्याच्या कडेला होती आणि फोटोग्राफरही रस्त्याच्या कडेला होता. त्या युद्धात आपले ५२७ जवान गेले. त्यांतल्या कित्येकांचा शेवट ज्या कड्यांवर झाला तिथे एकही कॅमेरा नव्हता. शिखरावर तिरंगा धरून उभ्या असलेल्या जवानांचे जे फोटो आपण पाहतो ते लढाई संपल्यावरचे आहेत. हे लक्षात ठेवलं नाही तर आपण युद्धाचे फोटो काढतो आहोत असं समजून युद्धाचा दर्शनी भाग तेवढा काढत बसतो.

याचा माझ्या कामावर झालेला परिणाम सांगतो. लढाईच्या मागे धावायचं मी सोडलं आणि लढाईच्या आधीची संध्याकाळ आणि नंतरची सकाळ धरली.

आधीची संध्याकाळ म्हणजे काय? जूनमध्ये द्रासजवळ एका मोठ्या धोंडीच्या आडोशाला बसलेली तुकडी पाहिली. अंधार पडला की वर निघायची होती. पाठीवरचे पिट्ठू रिकामे करून पुन्हा भरणं चाललं होतं. खाण्याचं सामान बाहेर काढून त्या जागी काडतुसं आणि ग्रेनेड घालत होते. उंचीवर प्रत्येक किलो जड होतो आणि वर गेल्यावर भूक सोसता येते, दारूगोळा संपून चालत नाही, हा त्यांचा साधा हिशेब. एक जण सुतळीने पट्ट्यांची लोंबती टोकं बांधत होता, रात्री चालताना धातूवर धातू आपटून आवाज होऊ नये म्हणून. कोणी लढत नव्हतं, कोणी ओरडत नव्हतं. पण ते युद्ध तिथे पूर्ण दिसत होतं. त्या सुतळी बांधणाऱ्या हातांचा फोटो मला त्या वेळच्या माझ्या सगळ्या तोफांच्या फोटोंपेक्षा खरा वाटतो.

त्यांतल्या काहींनी मला चिठ्ठ्या दिल्या, घरच्या फोन नंबरांच्या. गावातल्या किराणा दुकानाचा नंबर, शेजाऱ्यांचा नंबर, 'त्यांना हाक मारा म्हणावं'. निरोप एकच, ठीक आहे म्हणून सांगा. एसटीडी बूथवर पोचलो की मी आधी ते फोन करायचो, मग ऑफिसचा. हे फोटोग्राफीत मोडत नाही असं तुम्हाला वाटेल. माझ्या मते मोडतं. माणसाने तुम्हाला स्वतःचा चेहरा दिला असेल तर त्याचा निरोप पोचवणं हे त्याच व्यवहाराचं दुसरं टोक आहे.

नंतरची सकाळ याहून अवघड. जखमींना खाली आणायला हेलिकॉप्टर सगळीकडे पोचत नव्हतं, माणसांच्या खांद्यांवरून उतरवावं लागायचं. त्यात जवानांबरोबर आसपासच्या गावांतले हमाल असायचे. दारूगोळा आणि पाणी वर, जखमी खाली, अशा त्यांच्या फेऱ्या. पायांत साधे बूट, अंगात घरचंच लोकरीचं कापड. त्या वेळच्या वर्तमानपत्रांतून फोटो चाळा, हे लोक फार क्वचित दिसतील. मीही त्यांच्यावर द्यावेत तेवढे रोल देऊ शकलो नाही, कारण रोल मोजके होते आणि पेपरच्या ऑफिसातल्या डेस्कला ते फोटो नको असायचे. आज तुमच्याकडे मेमरी कार्ड आहे. तुम्हाला ही अडचण नाही.

आणि मग कारगिल गाव. बाजारावर गोळे पडत होते. दुकानांची शटरं खाली, रस्त्यात काचा, भिंतींना तोफगोळ्यांच्या तुकड्यांनी पडलेली भोकं. बरीच कुटुंबं सुरू नदीच्या खोऱ्यातल्या गावांकडे, सांकूच्या बाजूला नातेवाइकांकडे गेलेली. एकेका घरात तीन-तीन कुटुंबं. पुरुष मात्र परत यायचे, कारण जवाच्या शेताला पाणी द्यायचं होतं आणि जनावरं मागे राहिली होती. माऱ्याची वेळ कोणती, कुठली बाजू आडोशाची, हे त्यांना आमच्यापेक्षा चांगलं कळायचं. त्या लोकांसाठी हे युद्ध मे ते जुलै एवढंच नव्हतं. त्यांच्याकडे गोळे आधीही पडत होते, नंतरही पडले. दिल्ली-मुंबईच्या बातम्यांत कारगिल ही शिखरांची यादी झाली आणि ते एक गाव आहे, तिथे शाळा आणि न्हाव्याचं दुकान आहे, हे राहून गेलं. तुम्ही कुठल्याही युद्धात गेलात तरी तिथल्या न्हाव्याला शोधा, असं मी शिकाऊ मुलांना सांगतो. तो दुकान कधी उघडतो आणि कधी बंद ठेवतो यावरून पुष्कळ कळतं.

आता ज्या गोष्टीकडे तुमच्या वयाचे फोटोग्राफर सर्वांत कमी लक्ष देतात तिच्याकडे येतो. कॅप्शन, म्हणजे फोटोखालची ओळ.

लढाई दिसत नसल्यामुळे ती दिसली असं भासवण्याचा मोह युद्धाच्या फोटोत फार मोठा असतो. हा मोह नवा नाही. लखनौच्या सिकंदर बागेत नोव्हेंबर १८५७ मध्ये सुमारे दोन हजार बंडवाले मारले गेले. फेलिस बीआटो हा फोटोग्राफर तिथे पोचला तो काही महिन्यांनी, १८५८ मध्ये. तरीही त्याच्या प्रसिद्ध फोटोत अंगणभर मानवी हाडं पसरलेली दिसतात. फोटोसाठी ती मांडली गेली असावीत असंच अभ्यासक मानतात. दीडशे वर्षांनी, २००६ मध्ये, इस्रायलच्या हल्ल्यानंतरच्या बैरूतच्या एका फोटोत संगणकावर धूर वाढवलेला सापडला, मग त्याच फोटोग्राफरच्या दुसऱ्या एका फोटोतही फेरफार निघाला. रॉयटर्स या वृत्तसंस्थेने त्या फोटोग्राफरचं काम तर थांबवलंच, त्याचे सगळे ९२० फोटो विक्रीतून काढून टाकले. त्या दोन फोटोंमुळे बाकीच्या शेकडो फोटोंवरही कोणी विश्वास ठेवणार नव्हतं.

बनावट फोटो काढायचा नाही हे तुम्हाला कोणी सांगायची गरज नाही. पण खऱ्या फोटोला चुकीची ओळ लागली तरी तो खोटाच होतो. माझ्या रस्त्यावरून काढलेल्या एका फोटोला डेस्कवर कोणीतरी 'शिखरावर झुंजणारे जवान' अशी ओळ जोडली. मी फोन करून दुरुस्ती छापायला लावली. संपादकांना ते फार बारीक वाटलं. ते बारीक नव्हतं. ज्यांची माणसं खरोखर शिखरावर होती ते लोक तो पेपर वाचत होते.

म्हणून माझी सवय अशी: तारीख, वेळ आणि ठिकाण तर लिहायचंच, त्याशिवाय मी स्वतः कुठे उभा होतो ते लिहायचं. 'द्रासजवळ, संध्याकाळी सहाच्या सुमारास, महामार्गावरून. समोरच्या डोंगरावर गोळे पडताना. कोणत्या बाजूचे ते इथून सांगता येत नाही.' एवढी साधी ओळ. लष्कराने आम्हाला नेऊन दाखवलेली जागा असेल तर तसं. जवानांनी आमच्यासाठी पुन्हा झेंडा फडकवला असेल तर तसं. मी स्वतः पाहिलं नाही पण अधिकाऱ्याने सांगितलं, तर तसं. फिल्मच्या डबीवर रोलचा नंबर घालायचो आणि वहीत त्या नंबराखाली हे सगळं. ती वही नसती तर आज माझ्याकडच्या निम्म्या निगेटिव्ह नुसते डोंगर झाले असते.

इथवरचं थोडक्यात: लढाई दिसेल या आशेवर जाऊ नका, तिच्या आधीचं आणि नंतरचं पाहायची तयारी ठेवा आणि जिथून पाहिलं ते लिहा. आता तुमचे प्रश्न.

मदत की फोटो? याचं एकच उत्तर देणारा माणूस बहुधा तिथे गेलेला नसतो. मी स्वतःला एवढंच विचारायचो: या जखमी माणसाला माझ्यापेक्षा जास्त उपयोगी पडेल असा कोणी इथे आहे का? कारगिलमध्ये बहुतेक वेळा असायचा. नर्सिंग असिस्टंट असायचा, डॉक्टर असायचा, स्ट्रेचर धरणारे सरावाचे हात असायचे. तिथे मी मध्ये घुसलो तर अडथळाच. तेव्हा बाजूला उभं राहायचं, वाट मोकळी ठेवायची, फ्लॅश मारायचा नाही आणि दोन-चार फोटो काढून थांबायचं. पण तुम्ही एकटेच असाल तर कॅमेरा खाली. यात विचार करण्यासारखं काही नाही. व्हिएतनाममधल्या ट्रांग बांग गावाबाहेर ८ जून १९७२ ला नापाम या आग लावणाऱ्या बॉम्बने भाजलेली नऊ वर्षांची किम फुक रस्त्यावरून धावत आली. तो जगप्रसिद्ध फोटो नेमका कोणी काढला यावर अलीकडे वाद झाला आहे. पण ज्यांच्या नावावर तो फोटो आहे त्या निक उट यांनी त्या मुलीला आपल्या गाडीतून इस्पितळात पोचवलं, यावर वाद नाही. ती जगली.

पण मदत करायची तर ती करता यायला हवी. २०११ च्या एप्रिलमध्ये लिबियातल्या मिसराता शहरात टिम हेदरिंग्टन आणि क्रिस हॉन्ड्रोस हे दोन मोठे फोटोग्राफर मारले गेले. हेदरिंग्टनच्या मांडीत तुकडा घुसला होता आणि इस्पितळात पोचेपर्यंत रक्त वाहून तो गेला. वेळेवर रक्त थांबवणारं कोणी असतं तर तो वाचला असता अशी शक्यता होती, आणि आजूबाजूच्या सहकाऱ्यांना ते कसं करायचं ते माहीत नव्हतं. त्याचा मित्र सेबास्टियन जंगर याने नंतर स्वतंत्र पत्रकारांना प्रथमोपचार शिकवणारी संस्था काढली ती यामुळेच. तेव्हा नवी लेन्स घेण्याआधी टूर्निकेट, म्हणजे हातापायाचा रक्तस्राव थांबवायचा आवळपट्टा, घ्या आणि ती एका हाताने, अंधारात, स्वतःच्या पायावर बांधायचा सराव करा. प्रथमोपचाराचे वर्ग आपल्याकडेही होतात. लग्नाच्या मांडवातही ते शिक्षण वाया जाणार नाही.

मृतांचे फोटो हा याला लागूनच येणारा प्रश्न. घरच्यांना कळण्याआधी चेहरा दिसेल असा फोटो द्यायचा नाही, हा माझा नियम. १९९९ मध्ये फोटो छापून यायला एक-दोन दिवस जायचे. आज तुमचा फोटो दोन मिनिटांत त्या गावातल्या व्हॉट्सॲप ग्रुपवर असेल, म्हणून हा नियम आज जास्त कडक पाळायला हवा. युद्धकैद्यांचंही तसंच. तिसऱ्या जिनिव्हा कराराचं तेरावं कलम सांगतं की कैद्याला अपमानापासून आणि लोकांच्या कुतूहलापासून जपलं पाहिजे. तो बंधनकारक नियम सरकारांवर आहे, पण कैद्यासमोर कॅमेरा धरणारे आपण असतो.

कारगिलमधून परतल्यावर मी काही गावांत गेलो, साताऱ्याच्या आणि सांगलीच्या बाजूला. आधीच्या युद्धांत बहुतेकांचे अंत्यसंस्कार रणांगणाजवळच व्हायचे. या वेळी पार्थिवं गावोगाव आली. शाळेच्या पटांगणात हजारो माणसं, तिरंगा, बंदुकांची सलामी. ते फोटो सगळ्यांनी काढले. मी गेलो ते दोन-तीन महिन्यांनी, मांडव उतरल्यावर. एका घरी वडिलांनी माझ्या कामाच्या प्रिंट पाहायला मागितल्या. त्यांचा मुलगा तोफखान्यात होता, रस्त्याजवळच्या माऱ्यात गेला. त्यांनी जवानांचे फोटो बाजूला ठेवले आणि एक नुसत्या डोंगरांचा फोटो हातात घेतला. म्हणाले, "त्यांना तो दिसला कुठून?" मी वही उघडली, फोटो कुठून काढला ते पाहिलं आणि बोटाने ती धार दाखवली. त्यांनी उंची विचारली. मी म्हणालो, तीन कळसूबाई एकावर एक ठेवल्या तरी टायगर हिलला थोड्या कमीच पडतील. ते बराच वेळ त्या धारेकडे पाहत राहिले, मग म्हणाले, "हा ठेवून जाता का?" मी ठेवला. ज्या फोटोत एकही माणूस नव्हता, जो पेपरने छापला नव्हता, तो त्या घराला हवा होता, कारण त्यातून त्यांच्या एका प्रश्नाचं उत्तर मिळत होतं. फोटो कोणासाठी काढायचा असं मला कोणी विचारलं तर मला ते घर आठवतं.

सामानाचं पटकन सांगतो. कॅमेऱ्याच्या दोन बॉडी हव्यातच, कारण धुळीत आणि थंडीत लेन्स बदलणं म्हणजे सेन्सरची वाट लावणं. एकीवर २४ किंवा ३५ मिलिमीटरची लेन्स, दुसरीवर ७०-२०० ची पुरे. माझ्याकडे एक निकॉन एफएम२ असायचा. त्याचं शटर बॅटरीशिवाय चालतं आणि द्रासच्या रात्री बॅटऱ्यांनी मान टाकली तरी तो चालू राहायचा. तुमच्या कॅमेऱ्याला ती सोय नाही, म्हणून जादा बॅटऱ्या अंगालगतच्या खिशात ठेवा. बर्फ समोर असेल तर कॅमेऱ्याचा प्रकाशमापक सांगतो त्याहून एक ते दीड स्टॉप जास्त प्रकाश द्या, नाहीतर बर्फ राखाडी आणि चेहरे काळे येतील. उंचीवर पहिले दोन दिवस काम करू नका, शरीराला वेळ द्या. बाकी ब्रँडबद्दल वाद घालण्यात मला रस नाही. जो कॅमेरा तुम्ही डोळे मिटून चालवू शकता तो न्या.

सुरक्षिततेची एक गोष्ट मात्र नीट सांगायला हवी, कारण ती फोटोशी जोडलेली आहे. द्रासच्या पट्ट्यात रात्री गाड्या दिवे बंद करून जायच्या, क्लीनर खिडकीतून डोकं बाहेर काढून ड्रायव्हरला रस्त्याची कड सांगायचा. एक दिवा लागला तर वर बसलेल्यांना नेम मिळत होता. तिथे फ्लॅश मारणारा माणूस सगळ्या ताफ्याला धोक्यात घालतो. पाठीमागची डोंगरधार ओळखू येईल असा तोफेचा फोटो त्याच दिवशी छापला तर तोही जवळपास तेवढाच धोका. माझ्या रोलमधले असे फोटो मी जागा बदलल्याची खात्री झाल्यावरच पाठवायचो. तुमच्या बाबतीत धोका याहून मोठा आहे. तुमचा फोन आणि कॅमेरा फोटोतच जागेचे आकडे लिहून ठेवतो. ते बंद करा. युक्रेनसारख्या युद्धात ड्रोन गाड्या शोधत फिरतात आणि जाकिटावर 'प्रेस' लिहिलेलं असणं म्हणजे कवच आहे असं समजू नका. दानिश सिद्दीकी हा आपल्या पिढीतला सर्वांत सरस फोटोग्राफर होता, रॉयटर्ससारखी संस्था पाठीशी होती, इराकमधल्या मोसुलच्या लढाईचा अनुभव होता. जुलै २०२१ मध्ये अफगाणिस्तानातल्या स्पिन बोल्डकला तो अफगाण विशेष दलाबरोबर असताना मारला गेला. अनुभवाने धोका कमी होतो, संपत नाही.

झोपेचं विचारलंत ते बरं केलंत. माझ्या वेळी हे कोणी विचारायचं नाही. उत्तर माणसागणिक बदलतं. टोरांटोचे मानसोपचारतज्ज्ञ अँथनी फाइनस्टाइन यांनी २००२ मध्ये १४० युद्धपत्रकारांचा अभ्यास प्रसिद्ध केला. त्यांतल्या ज्यांच्या सविस्तर मुलाखती घेतल्या त्यांच्यापैकी २८.६ टक्के लोकांना आयुष्यात कधीतरी आघातानंतरचा मानसिक आजार झालेला होता. म्हणजे दर सातांत दोघे, आणि हे अनुभवी लोक. मला दिवाळीतल्या फटाक्यांनी काही वर्षं त्रास झाला. आवाजापेक्षा आवाजाच्या आधीची शिट्टी जास्त त्रास द्यायची. मी डॉक्टरांकडे गेलो, बायकोला सगळं सांगितलं, आणि कारगिलचे रोल एकट्याने रात्री पाहायचं बंद केलं. माझ्या एका सहकाऱ्याने यातलं काही केलं नाही आणि दारूने त्याचं घर मोडलं. जायच्या आधीच ठरवून ठेवा की परतल्यावर कोणाशी बोलाल, आणि त्या माणसाला तसं सांगूनही ठेवा.

राहिला शेवटचा प्रश्न, पदरमोड करून जाण्याचा. याला उदाहरण आहे. १९७१ मध्ये फोटोग्राफर किशोर पारेख कोणीही काम दिलेलं नसताना बांगलादेशात गेले आणि दोनेक आठवड्यांत काढलेल्या फोटोंतून ६७ फोटोंचं पुस्तक उभं राहिलं. मी ते फोटो आजही शिकवताना दाखवतो. पण पारेख तेव्हा नवखे नव्हते. हिंदुस्तान टाइम्समध्ये त्यांनी वर्षानुवर्षं काम केलेलं होतं. तुमच्याकडे आज वृत्तसंस्थेचं पत्र नाही, विमा नाही, तिथली भाषा येत नाही आणि तुम्ही जखमी झालात तर तुम्हाला बाहेर काढायचा खर्च कोण करणार हे ठरलेलं नाही. स्थानिक दुभाषाचा आणि ड्रायव्हरचा जीवही तुमच्या निर्णयावर टांगलेला असतो, आणि त्यांना परतीचं तिकीट नसतं. या अवस्थेत जाऊ नका असंच मी सांगेन. उद्या एखाद्या संस्थेने लेखी काम दिलं, विमा काढला, प्रशिक्षण दिलं, तर पुन्हा लिहा, आपण तयारीबद्दल बोलू.

तोवर रिकामं बसायचं कारण नाही. साताऱ्याजवळ आपशिंगे नावाचं गाव आहे, लोक त्याला मिलिटरी आपशिंगे म्हणतात. पहिल्या महायुद्धात या एका गावातले ४६ जण कामी आले आणि आजही जवळपास घरटी कोणी ना कोणी सैन्यात असतं. पश्चिम महाराष्ट्रात अशी गावं आणखीही आहेत. सुट्टीवर आलेला जवान, निवृत्तीनंतर सुरक्षारक्षकाची नोकरी करणारा सुभेदार, पेन्शनच्या कागदांसाठी चकरा मारणारी वीरपत्नी, पहाटे भरतीसाठी रस्त्यावर धावणारी पोरं. वर्षभर एकाच गावात जात राहा. साताऱ्याहून एसटी जाते. आधी सरपंचांना फोन करा, माजी सैनिकांच्या संघटनेतल्या कोणालातरी भेटा आणि पहिल्या दोन-तीन खेपांना कॅमेरा पिशवीतच राहू द्या. कॅप्शनची वही मात्र पहिल्या दिवसापासून उघडा.